चित्रामागचे मोजमाप

पुस्तकात छापलेले रेणूचे चित्र म्हणजे रेणूचा फोटो, असा समज विद्यार्थ्यांत सर्रास आढळतो. तो शाळेतच दूर व्हावा, असे आम्हास वाटते.

निळ्या छपाईच्या शाईत व प्लॅस्टिकमध्ये बहुधा कॉपर थॅलोसायनिन हे रंगद्रव्य असते. त्याच्या रेणूत मध्यभागी तांब्याचा एक अणू व भोवती चार पाकळ्या. रुंदी जेमतेम दीड नॅनोमीटर! प्रकाशाची तरंगलांबी याच्या शेकडो पट मोठी, म्हणून वर्गातल्या सूक्ष्मदर्शकातून तो दिसत नाही.

१९८१ साली झुरिचजवळ आयबीएमच्या प्रयोगशाळेत गेर्ड बिनिग व हाइनरिश रोरर यांनी निराळी वाट काढली. अणकुचीदार सुई पृष्ठभागाला न टेकवता फिरवायची आणि मधल्या फटीतून वाहणारा सूक्ष्म विद्युतप्रवाह मोजायचा. फट ०.१ नॅनोमीटरने वाढली, तर प्रवाह सुमारे दसपट घटतो. या आकड्यांवरून संगणक चित्र रेखाटतो. १९८६ साली दोघांना नोबेल पारितोषिक मिळाले.

गंमत अशी, की या चित्रात तांब्याच्या रेणूचा मध्य काळपट दिसतो, तर तशाच आकाराच्या कोबाल्टच्या रेणूचा उजळ. फरक उंचीचा नाही, इलेक्ट्रॉनांच्या वागण्याचा आहे. चित्र कसे तयार झाले हे ठाऊक नसेल, तर अर्थ चुकणारच.

हे जाणून उपयोग काय? लोंढा जंक्शनवर सांधा बदलला की गाडीची दिशा बदलते. तसा विजेचा सांधा रेणूंकडून बदलून घ्यायचा, हा आण्विक इलेक्ट्रॉनिक्सचा ध्यास. बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत श्रीतोष गोस्वामी व सहकाऱ्यांनी २०२४ साली रुथेनियमच्या संयुगाच्या पातळ थरात सुमारे १६,५०० विद्युत पातळ्या साठवून दाखवल्या. पुण्याच्या आयसर संस्थेत डॉ. अपर्णा देशपांडे यांची प्रयोगशाळा सुईच्या याच तंत्रावर काम करते.

‘मराठी शाळेतले मूल तिथवर पोहोचेल का?’ असे पालक विचारतात. आम्ही पदवी हिंदी माध्यमातून घेतली. कल्पना आपल्या भाषेत पक्की झाली, की इंग्रजी संज्ञा मागाहून जोडता येतात. हाताने मोजण्याची सवय मात्र मागाहून लागत नाही.

म्हणून विश्वस्तांना विनंती, की रंगीत तक्त्यांआधी ॲमीटर व व्होल्टमीटर पुरेसे घ्यावेत. प्रत्येक मुलाच्या हाती उपकरण यावे, चौघांत एक नको. आणि पालकहो, ‘किती गुण मिळाले?’ याबरोबर ‘आज काय मोजलेस?’ हेही घरी विचारत जा.