टॉमची भूक आणि मुलांची माया

“सर, टॉम उपाशी आहे,” असे काळजीने सांगणारी मुले आम्हांला हिंगोलीकडच्या शाळांत भेटतात. हा टॉम म्हणजे अम्मीच्या मोबाइलमधले मांजर. स्लोव्हेनियातील ‘आउटफिट सेव्हन’ कंपनीने 2010 मध्ये बोलका टॉम आणला. 2013 च्या ‘माय टॉकिंग टॉम’मध्ये त्याला भूक लागू लागली, झोपही येऊ लागली. कुरवाळले की तो खूश होतो, मारले की कळवळतो.

हे भाव येतात कुठून? खेळाच्या आत भूक, झोप यांचे आकडे असतात. वेळ जाईल तसे ते घटतात. आकडा खाली गेला की आधीच तयार ठेवलेला रडका चेहरा समोर येतो. टॉमला काही वाटत नाही. वाटते ते आपल्या मुलाला. ती माया खरी आहे, म्हणून तिची थट्टा करू नये.

मात्र टॉमच्या खाण्याला नाणी लागतात. ती खेळून, जाहिराती पाहून किंवा पैसे मोजून मिळतात. रडक्या चेहऱ्यामागचा हा हिशेब मुलांना शांतपणे समजावू या. मोबाइल बंद ठेवला तरी टॉम मरत नाही. दारातल्या मांजरीला मात्र उन्हाळ्यात पाणी लागतेच. ती वाटी भरण्याचे काम मुलांकडे देऊ या.