खापराला वाचा कोण देणार?

नदीकाठी सापडलेली इंग्रजी अमदानीतील सोड्याची बाटली आज घासूनपुसून दिवाणखान्यात मानाने मांडली जाते. त्याच काठावर पायाखाली आलेले काळे-तांबडे खापर मात्र ठोकरले जाते. व्यासपीठावरून वारशाचा जयघोष करणाऱ्या समाजाला हे शोभते काय?

नागपूरकरांना तरी हा प्रश्न टाळता येणार नाही. पेंचकाठच्या नायकुंड येथे डॉ. शां. भा. देव आणि डॉ. अ. प्र. जामखेडकर यांच्या १९७८-८० मधील उत्खननात लोखंड गाळण्याची प्राचीन भट्टी मिळाली. वैनगंगेकाठच्या पवनीत १९६९-७० मध्ये स्तूपाचे अवशेष उजेडात आले. हा ठेवा मातीतूनच हाती आला. त्या मातीचीच ओळख आम्ही विसरलो आहोत.

ओळख पटविणे फारसे अवघड नाही. बाटलीच्या साच्याची रेघ तोंडाच्या खालीच थांबत असेल, तर तिचे तोंड बहुधा हाताने घडविलेले. रेघ थेट काठापर्यंत गेली असेल, तर ती यंत्रयुगातली. कन्हानकाठी कामठीची छावणी १८२१ मध्ये वसली. तेव्हा बाटलीलाही इतिहास आहेच. खापर आतून काळे व बाहेरून तांबडे असेल, तर ते भांडे पालथे घालून भाजलेले असावे. हवा न मिळालेला भाग काळा पडतो, हवा लागलेला तांबडा होतो. विदर्भातील शिळावर्तुळांतून अशीच भांडी निघाली आहेत. परंतु ती अन्यत्र, अन्य काळीही घडली. म्हणूनच खापर कोठे आणि कोणत्या थरात होते, हे कळल्यावाचून निदान अपुरे राहते. बाटलीवर निदान कारखान्याचे नाव असते. खापराची जागा हाच त्याचा पत्ता. तो पुसला की खापर मुके होते.

उचलले नाही तर वाळूच्या ट्रॅक्टरखाली जाईल, असा युक्तिवाद केला जातो. पण नोंद न करता उचलणारा हौशी संग्राहक आणि काठ ओरबाडणारा वाळूउपसा यांत त्या खापराच्या दृष्टीने अंतर ते किती? दहा रुपयांहून अधिक मोलाचा भूमिगत ठेवा सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना कळविण्याचे बंधन १८७८ च्या कायद्याने घातले. खापराला बाजारात मोलच नाही. मग त्याची वर्दी कोण देणार?

ती समाजानेच दिली पाहिजे. वस्तू जागच्या जागी ठेवावी, छायाचित्र घ्यावे, स्थळ टिपावे आणि नागपूरच्या मध्यवर्ती संग्रहालयाला किंवा पुरातत्त्व विभागाला कळवावे. महाविद्यालयांनी आपापल्या नदीकाठाची पाहणी हाती घ्यावी. पूर्वजांच्या नावाने घोषणा देणे सोपे आहे. त्यांच्या चुलीवरचे मडके ओळखता येणे, ही खरी कसोटी होय.