कोरा रकाना म्हणजे शून्य नव्हे!



पेरलेच नाही ते रान वेगळे आणि पेरूनही उगवले नाही ते रान वेगळे. बांधावरून दोन्ही सारखीच उघडी दिसतात. पण एकात बियाणे, खत, मजुरी गाडली गेली आहे. हा फरक आपल्या घरातले पोरही सांगेल. सरकारी संगणकाला मात्र तो सांगावा लागतो.

संगणकाच्या मूळ नोंदवहीत न भरलेल्या आकड्याला 'नल' म्हणतात. अर्थ एवढाच की आकडा माहीत नाही. सरासरी काढताना मूळ नोंदवही असा रकाना वगळते. घोटाळा होतो तो नोंदी एक्सेलच्या तक्त्यात उतरवताना. आकड्याच्या रकान्यात आकडाच हवा म्हणून कोऱ्या जागी 0 भरण्याची सोय कोणीतरी करून ठेवतो. एक्सेल रिकामे घर सरासरीत धरत नाही, पण 0 धरते. गुणाकाराच्या सूत्रात तर रिकामे घरही शून्यच होते.

हिशेब पाहा. ज्वारीचे चार पीक कापणी प्रयोग ठरले. तीन झाले: हेक्टरी 12, 14 आणि 16 क्विंटल. चौथा झालाच नाही. खरी सरासरी 14. कोऱ्या जागी 0 पडला की साडेदहा! हे शून्य मागच्या वर्षांच्या आकड्यांत घुसले तर पीक विम्याचे उंबरठा उत्पादन खाली येते आणि भरपाई बुडते. यंदाच्या आकड्यात घुसले तर उलटे होऊन नुकसान फुगते. आम्हाला खोट्या शून्याचा मार नको, तशी मेहेरबानीही नको.

पावसाचे तेच. महसूल मंडळात 24 तासांत 65 मिलिमीटरच्या वर पाऊस झाला की अतिवृष्टी धरतात. त्याच रात्री पर्जन्यमापक बंद असला तर नोंद कोरी राहते. तक्त्यात ती 0 झाली की कपाशी गुडघाभर पाण्यात आणि कागदावर कोरडा दिवस! कोरी नोंद निदान चौकशीला जागा ठेवते. शून्य ती वाट बंद करते.

कोऱ्या घरांनी बेरीज अडते, असे साहेब म्हणतील. अडू द्या! जे मोजलेच नाही त्याची बेरीज व्हावी कशाला?

आमच्या मागण्या साध्या आहेत:

1. न मोजलेला आकडा तक्त्यात कोराच ठेवा.
2. शेजारच्या रकान्यात कारण लिहा: यंत्र बंद, प्रयोग झाला नाही, नोंद आली नाही.
3. प्रत्येक सरासरीसोबत ती किती नोंदींची आहे ते छापा.
4. भरपाई ठरण्याआधी हा तक्ता ग्रामपंचायतीत लावा.

जिल्हा बैठकीला येताना आपल्या मंडळाच्या पावसाच्या आणि पीक कापणीच्या नोंदी मागून आणा. जिथे जिथे 0 दिसेल तिथे एकच प्रश्न विचारा: मोजून शून्य, की न मोजता शून्य?