कूलंट रंगावरून नव्हे, लेबलावरून निवडा

कीटकनाशकाच्या डब्यावरील त्रिकोणाचा रंग पाहण्याची सवय कृषी विस्तार यंत्रणेने शेतकऱ्यांना मोठ्या कष्टाने लावली आहे. लाल म्हणजे अतिविषारी, त्याखालोखाल पिवळा, मग निळा आणि हिरवा. या रंगांना १९७१ च्या कीटकनाशक नियमांचा आधार आहे. गाडीच्या कूलंटच्या रंगाला मात्र असा कोणताही आधार नाही. हिरवा, लाल, गुलाबी वा निळा हा निव्वळ उत्पादकाने मिसळलेला रंग असतो. एका कंपनीच्या लाल कूलंटमधील रसायन दुसरीच्या हिरव्यात असू शकते. तरीही ‘हिरवे होते, हिरवेच टाका’ हा सल्ला गॅरेजमध्ये सर्रास दिला जातो आणि आपण तो निमूटपणे स्वीकारतो.

कीटकशास्त्राच्या अभ्यासकाने या विषयावर लिहावे याची दोन कारणे आहेत. पहिले, लेबल वाचून रसायन निवडण्याची जी शिस्त आपण फवारणीसाठी शिकवतो, तीच येथेही लागू पडते. दुसरे, बहुतेक कूलंटचा मुख्य घटक असलेले एथिलीन ग्लायकॉल हे विष आहे आणि आमच्या शाखेला त्याचा जुना परिचय आहे.

थंडी नाही, मग कूलंट कशाला?

कूलंटला ‘अँटिफ्रीझ’ असेही म्हणतात. त्यामुळे ज्या प्रदेशात पाणी गोठत नाही तेथे त्याची गरज नाही, असा समज रूढ आहे. बेंगळुरूचे आजवरचे नोंदलेले नीचांकी तापमान ७.८ अंश सेल्सिअस आहे आणि तेही १८८४ सालचे. गोठण्याचा प्रश्न येथे उद्भवत नाही, उकळण्याचा मात्र उद्भवतो. समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवरील या शहरात उघड्या भांड्यातील पाणी ९७ अंशांच्या आसपासच उकळते. इंजिनातील द्रवाचे नेहमीचे तापमान ९० अंशांच्या जवळपास असते. दाब राखणारे रेडिएटरचे झाकण उत्कलनबिंदू बराच वाढवते, हे खरे. पण ते झाकण सैल झाले आणि आत नुसते पाणी असले, तर शहरातील कोंडीत किंवा भर उन्हात खंबाटकीचा घाट चढताना गाडी वाफ सोडू लागते. ग्लायकॉल आणि पाणी यांचे निम्मे-निम्मे मिश्रण झाकणाच्या दाबाविनाही सुमारे १०७ अंशांपर्यंत उकळत नाही.

याहून मोठे काम गंज रोखण्याचे आहे. आजच्या इंजिनांत ॲल्युमिनियम, लोखंड, तांबे, रबर आणि प्लॅस्टिक हे सारे एकाच द्रवाच्या सान्निध्यात असतात. या सर्वांना सांभाळणारी संरक्षक द्रव्ये कूलंटमध्ये अल्प प्रमाणात असतात, परंतु त्याचा खरा गुण त्यांच्यातच असतो. ग्लायकॉल वर्षानुवर्षे टिकते, संरक्षक द्रव्ये मात्र संपत जातात. म्हणूनच रंग तसाच दिसत असला, तरी कूलंट मुदतीत बदलावे लागते.

निवड कशी करावी?

संरक्षक द्रव्यांवरून कूलंटचे ढोबळमानाने तीन गट पडतात. पहिला, सिलिकेट, फॉस्फेट यांसारख्या असेंद्रिय क्षारांचा, म्हणजे आयएटी. याची मुदत साधारणतः दोन वर्षे. दुसरा, सेंद्रिय आम्लांचा, म्हणजे ओएटी. हा सुमारे पाच वर्षे टिकतो. तिसरा, या दोहोंचा संकर, म्हणजे एचओएटी. येथील ‘सेंद्रिय’ हा शब्द रसायनशास्त्रातला आहे. सेंद्रिय शेतीतील अर्थ त्याला लावून हे कूलंट निर्धोक मानू नये.

संकरित गटातही भेद आहेत. युरोपातील उत्पादकांनी तेथील कठीण पाण्यामुळे फॉस्फेट टाळले, तर जपानी उत्पादकांनी पंपाच्या सीलची झीज टाळण्यासाठी सिलिकेट टाळून फॉस्फेटला पसंती दिली. त्यामुळे दोन चांगली कूलंटसुद्धा परस्परांना पर्याय ठरत नाहीत. ती एकत्र केली, तर निदान मुदत घटते. काही वेळा गाळ किंवा जेलसारखा थर बसून रेडिएटरच्या नळ्या चोंदतात. गाडीच्या पुस्तिकेत जो प्रकार सांगितला आहे तोच घ्यावा आणि डब्यावर आयएस ५७५९, जेआयएस के २२३४ किंवा एएसटीएम डी ३३०६ यांपैकी योग्य मानकाचा उल्लेख आहे का, हे पाहावे.

ट्रॅक्टर आणि मोठ्या डिझेल इंजिनांची गोष्ट आणखी वेगळी. त्यांतील वेट लायनरच्या कंपनामुळे द्रवात सूक्ष्म बुडबुडे तयार होऊन फुटतात आणि खोडकिडीने ऊस पोखरावा तसा लायनर बाहेरून पोखरला जातो. हे टाळण्यासाठी अशा इंजिनांच्या कूलंटमध्ये विशिष्ट संरक्षक द्रव्ये असतात. कारचे उरलेले कूलंट ट्रॅक्टरमध्ये ओतणे ही काटकसर नव्हे.

पाण्याचाही विचार हवा. बोअरचे किंवा टँकरचे पाणी बहुधा क्षारयुक्त असते. ठिबकच्या नळ्यांत साचणारा पांढरा थर ज्यांनी पाहिला आहे, त्यांना रेडिएटरमध्ये काय घडते हे वेगळे सांगायला नको. फॉस्फेटयुक्त कूलंट तर कठीण पाण्यातील कॅल्शियमशी संयोग पावून स्वतःच थर तयार करते. म्हणून कॉन्सन्ट्रेट घेतल्यास ते डिस्टिल्ड वॉटरमध्येच मिसळावे. वापरास तयार कूलंटमध्ये पाणी मुळीच घालू नये. कॉन्सन्ट्रेट तसेच ओतल्याने गाडी अधिक थंड राहत नाही, कारण ग्लायकॉलची उष्णता वाहून नेण्याची क्षमता पाण्याहून कमी आहे. द्राक्ष बागायतदारांकडील ब्रिक्स मोजण्याचा रिफ्रॅक्टोमीटर येथे उपयोगाचा नाही. कूलंटसाठी वेगळ्या मोजपट्टीचा मिळतो.

बदलताना

इंजिन पूर्ण थंड झाल्याखेरीज झाकण उघडू नये. दाबाखालील उकळता द्रव उसळून चेहरा आणि हात भाजतात. जुने कूलंट रुंद भांड्यात काढावे, डिस्टिल्ड वॉटरने यंत्रणा धुवावी आणि नवे सावकाश भरावे. धुतल्यानंतर थोडे पाणी आत उरतेच, तेव्हा मिश्रणाचे प्रमाण त्या हिशेबाने राखावे. पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे अडकलेली हवा बाहेर काढावी. गाडी चालवून झाल्यावर दुसऱ्या दिवशी, इंजिन थंड असताना, टाकीतील पातळी दोन खुणांच्या मध्ये आहे याची खात्री करावी. पातळी वारंवार घटत असेल, तर नुसती भर घालत राहू नये, गळती शोधावी. यशवंतपूरच्या बाजारात कांदा घेऊन निघालेला पिकअप वाटेत तापला, तर इंजिन थंड झाल्यावर स्वच्छ पाणी भरून गॅरेज गाठावे. मात्र पुढे तेच पाणी आत ठेवू नये.

गोड चवीचे विष

जमिनीवर वावरणारे कीटक पकडण्यासाठी आम्ही पेले पुरून पिटफॉल सापळे लावतो. त्यांत कीटक टिकावेत म्हणून पूर्वी एथिलीन ग्लायकॉल वापरण्याची पद्धत होती. गोडसर चवीमुळे इतर प्राणीही ते पितात, हे लक्षात आल्यावर कमी विषारी प्रॉपिलीन ग्लायकॉलकडे वळण्याची शिफारस झाली. मूठभर सापळ्यांबाबत आम्ही जी काळजी घेतो, ती गोठ्याशेजारी रिकाम्या होणाऱ्या रेडिएटरबाबत घेतली जात नाही.

शरीरात एथिलीन ग्लायकॉलचे शेवटी ऑक्झॅलिक आम्ल होते. कॅल्शियमशी त्याचे स्फटिक बनून ते मूत्रपिंडात साचतात. आरंभी नशेसारखी लक्षणे दिसतात: तोल जाणे, उलट्या, सुस्ती. मग प्राणी सावरल्यासारखा वाटतो आणि पुढे मूत्रपिंडे निकामी होतात. मांजराला शरीराच्या दर किलो वजनामागे दीड मिलिलिटरइतकी मात्राही प्राणघातक ठरू शकते. माणसाच्या बाबतीतही आकडा याच्या जवळपास आहे. यावर उतारा आहे, पण तो पहिल्या काही तासांतच खऱ्या अर्थाने उपयोगी पडतो. म्हणून संशय येताच, लक्षणांची वाट न पाहता, डॉक्टर वा पशुवैद्यक गाठावा आणि डबा सोबत न्यावा.

ग्लायकॉल कुळाची विषाक्तता महाराष्ट्राला अपरिचित नाही. १९८६ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात औषधी ग्लिसरीनमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल आढळले आणि १४ रुग्ण दगावले. न्यायमूर्ती लेंटिन आयोगाने त्याची चौकशी केली. ते रसायन वेगळे आणि घटनाही वेगळी, परंतु डब्यात काय आहे याची खातरजमा न करण्याची किंमत किती मोठी असते, हे त्यातून दिसले.

विस्तार यंत्रणेने काय करावे?

माझे मत स्पष्ट आहे. कूलंटला ‘गाडीचे पाणी’ न मानता शेतावरील विषारी रसायनांच्या यादीत स्थान द्यावे. कृषी विज्ञान केंद्रांच्या यंत्र देखभाल प्रशिक्षणात त्यासाठी अर्धा तास राखावा. कीटकनाशकाचे नियम येथेही सांगावेत: मूळ डब्यातच ठेवा, पाण्याच्या वा शीतपेयाच्या बाटलीत भरू नका, कुलपात ठेवा, सांडलेले लगेच पुसा. वापरलेल्या कूलंटमध्ये झिजलेल्या धातूंचे अंशही असतात. ते गटारात, विहिरीजवळ किंवा उकिरड्यावर न ओतता बंद, नाव लिहिलेल्या कॅनमध्ये साठवून विल्हेवाटीची सोय असलेल्या सर्व्हिस सेंटरकडे सोपवावे.

उत्पादकांकडेही मागणी करायला हवी. अमेरिकेतील उत्पादकांनी २०१२ च्या अखेरीस किरकोळ विक्रीच्या कूलंटमध्ये कडवट द्रव्य मिसळण्याचे स्वेच्छेने मान्य केले. आपल्याकडील प्रत्येक डब्यात ते असावे आणि विषाचा इशारा ठळक मराठीत, कन्नडमध्ये छापावा. अर्थात, कडवटपणाने विष कमी होत नाही. एखाद्या तहानलेल्या वासराला तो अडवेलच, याची हमी नाही. उघड्यावर ठेवलेले भांडे झाकणे हाच त्यावरचा खात्रीचा उपाय आहे.