जामिनाच्या कागदासोबत औषधाचाही कागद हवा

मार्च 2024 मध्ये मुंबई पोलिसांनी सांगली जिल्ह्यातल्या कवठे महांकाळ तालुक्यातल्या इरळीत मेफेड्रोन या अमली पदार्थाचा कारखाना पकडला. सुमारे अडीचशे कोटींचा ऐवज जप्त झाला. चर्चा धाडी आणि अटकांपुरती राहिली. पण व्यसनी माणूस तुरुंगातून सुटून गावी येतो, त्याच्या तब्येतीचे काय?

घरचे म्हणतात, "आत असताना नशेला शिवलाही नाही, आता सुटलीच म्हणायची." हा समज जिवावर बेतू शकतो. काही महिने नशा बंद राहिली की ती पेलण्याची शरीराची ताकद घटते, ओढ मात्र तशीच राहते. बाहेर आल्यावर जुन्याच मापाने घेतले की घात होतो. त्यातही अफूजन्य पदार्थ, झोपेच्या गोळ्या आणि दारू एकत्र पोटात गेली, तर श्वासच मंदावतो. अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्यात सुटलेल्या कैद्यांचा अभ्यास 2007 मध्ये प्रसिद्ध झाला. पहिल्या दोन आठवड्यांत त्यांच्या मृत्यूचा धोका इतर रहिवाशांच्या जवळपास तेरापट निघाला. तिथली नशा वेगळी असेल, शरीराचा धर्म वेगळा नाही.

आपल्या देशात चारपैकी सुमारे तीन बंदी कच्चे कैदी आहेत. त्यांचा जामीन कधी होईल, हे तुरुंगालाही आधी कळत नाही. आदेश पोहोचला की सह्या होतात, कपड्यांची पिशवी हातात पडते आणि माणूस सांगलीहून मिरजेमार्गे गावची एसटी धरतो. क्षयाच्या गोळ्या कुठवर झाल्या, मनाच्या आजाराचे औषध कोणते, हे सांगणारा कागद त्या पिशवीत हवा. तो सुटकेच्या दिवशी घाईत होणार नाही. दाखल होतानाच्या तपासणीपासूनच लिहीत जायला हवा. सोबत दोन आठवड्यांची औषधे द्यावीत आणि कवठे महांकाळच्या सरकारी रुग्णालयाला कळवावे.

हे आपल्या जिल्ह्याला न झेपणारे नाही. याच जिल्ह्यातल्या आटपाडीत औंध संस्थानाने 1939 मध्येच स्वतंत्रपूरची खुली वसाहत उभारून कैद्याला कुटुंबासह शेतीत रुजवले.

पोलिसांच्या भीतीने अनेक जण दवाखान्याची पायरी चढत नाहीत. अमली पदार्थविरोधी कायद्याचे कलम 64अ स्वतःहून मान्यताप्राप्त केंद्रात उपचार घेणाऱ्या व्यसनी माणसाला सेवनाच्या खटल्यापासून संरक्षण देते. मात्र उपचार पूर्ण करावे लागतात. व्यसनमुक्तीसाठी 14446 ही मोफत हेल्पलाइन आहे. आणि सुटून आलेला माणूस हलवूनही उठत नसेल, घोरल्यासारखा अडखळत श्वास घेत असेल, तर "झोपू दे" म्हणू नका. कुशीवर वळवा आणि लगेच 108 ला फोन लावा.