ड्रोन पायलट व्हायचंय? मग आधी रिमोट कॉम्प्युटरला जोडा

२२ सप्टेंबर २०२५ पासून ड्रोनवरचा जीएसटी सरसकट ५ टक्के झाला. त्याआधी कॅमेरा असलेल्या ड्रोनवर १८ टक्के आणि वैयक्तिक वापराच्या ड्रोनवर २८ टक्के लागायचा. 'नमो ड्रोन दीदी' योजनेत १५ हजार महिला बचत गटांना ड्रोन द्यायचं उद्दिष्ट आहे. युक्रेन युद्धानंतर ड्रोन म्हणजे फक्त लग्नाच्या शूटिंगचं खेळणं, असं कुणी म्हणत नाही. साहजिकच 'ड्रोन पायलट बना, करिअर घडवा' अशा जाहिराती तुमच्याही फीडमध्ये येत असतील.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, त्यामुळे ओळखीतली पोरं दोन प्रश्न हमखास विचारतात. कोणता कोर्स करू? कोणता ड्रोन घेऊ? माझं उत्तर एकच: दोन्हींवर पैसे घालण्याआधी मॉडेल हेलिकॉप्टरवाले कित्येक वर्षं करत आलेत ते करा. खरा रिमोट कॉम्प्युटरला जोडा आणि सिम्युलेटरवर उडवायला शिका.

हेलिकॉप्टरवाल्यांचंच का ऐकायचं?

कॅमेरा ड्रोनची स्टिक सोडली की तो जीपीएसच्या आधाराने जागेवर थांबतो. साधं मॉडेल हेलिकॉप्टर असं थांबत नाही. ते सतत कुठल्या तरी बाजूला सरकत असतं आणि तुम्हाला ते सतत सावरावं लागतं. त्याचं तोंड तुमच्याकडे वळलं की डावं-उजवं उलटं होतं. मेंदू 'डावीकडे' म्हणतो, स्टिक उजवीकडे ढकलायची असते. इथे अर्धा सेकंद गोंधळ झाला तर पाती, शाफ्ट, शेपटीची नळी, सर्वोचे गिअर असं सगळं एकदम बदलावं लागतं. सिम्युलेटरमध्ये एक बटण दाबलं की हेलिकॉप्टर नवंकोरं. म्हणून या छंदातले लोक 'रिअलफ्लाइट'सारख्या सॉफ्टवेअरवर आधी कित्येक तास घालवतात.

गेमपॅड चालणार नाही का?

चालतो, पण हाताला चुकीची सवय लागते. गेमपॅडची स्टिक छोटी असते आणि सोडली की मधोमध परत येते. खऱ्या रिमोटची थ्रॉटल स्टिक मात्र जिथे ठेवाल तिथेच राहते. हेलिकॉप्टरमध्ये तीच स्टिक पात्यांचा कोनही बदलते, म्हणजे मिलिमीटरभर हालचालीनेही यान वर-खाली होतं. मोबाईलच्या टचस्क्रीनवर तर बोटाला काहीच जाणवत नाही. पुढे जी वस्तू हातात असणार आहे, सराव तिच्यावरच हवा.

जोडायचा कसा?

पूर्वी ही भानगड होती. रिमोटच्या मागे 'ट्रेनर पोर्ट' असायचा, गुरू आणि शिष्याचे रिमोट एकमेकांना जोडण्यासाठी. त्यातून पीपीएम नावाचा सिग्नल निघतो. प्रत्येक चॅनेलला साधारण १ ते २ मिलिसेकंदाचा वेळ, १.५ म्हणजे स्टिक मधोमध, आणि साधारण २० मिलिसेकंदांनी पुन्हा पहिल्यापासून. लोकांनी हा सिग्नल चक्क कॉम्प्युटरच्या माइकच्या जॅकमध्ये दिला आणि सॉफ्टवेअरने साऊंड कार्डमधून तो वाचला! नंतर यूएसबी डोंगल आले.

आता एजटीएक्स सॉफ्टवेअरवर चालणारा रिमोट यूएसबी केबलने लावला की स्क्रीनवर पर्याय येतो. 'यूएसबी जॉयस्टिक' निवडा, कॉम्प्युटर त्याला गेम कंट्रोलर समजतो. लॅपटॉप नसेल तर अँड्रॉइड फोनलाही ओटीजी अडॅप्टरने जोडता येतो. 'एफपीव्ही फ्रीरायडर'सारखं अ‍ॅप तो ओळखतं.

तीन गोष्टी मात्र विसरू नका:

१. रिमोटमध्ये सिम्युलेटरसाठी वेगळं, कोरं मॉडेल बनवा. हेलिकॉप्टरच्या मॉडेलमध्ये एका स्टिकची हालचाल तीन सर्वोंमध्ये वाटली जाते. हे मिक्सिंग सिम्युलेटर स्वतःही करतं. दोनदा झालं की स्टिक एकीकडे, हेलिकॉप्टर भलतीकडे.

२. त्या मॉडेलमध्ये रेडिओ मॉड्यूल बंद ठेवा. केबलवर काम चालू असताना हवेत सिग्नल सोडायची गरज नाही.

३. ट्रिम शून्यावर आणून मगच सिम्युलेटरमध्ये कॅलिब्रेशन करा.

शहरात राहणाऱ्यांना दुसरा मार्गही नाही

२५ ऑगस्ट २०२१ च्या ड्रोन नियमांनुसार २५० ग्रॅमपर्यंतच्या नॅनो ड्रोनला आणि व्यवसायासाठी वापरत नसाल तर २ किलोपर्यंतच्या मायक्रो ड्रोनला पायलट प्रमाणपत्र लागत नाही. बाकीच्यांसाठी वय किमान १८, दहावी पास आणि मान्यताप्राप्त संस्थेतलं प्रशिक्षण हवं. पण प्रमाणपत्र लागत नाही याचा अर्थ कुठेही उडवा, असा नाही. विमानतळाच्या ८ किलोमीटरच्या आत परवानगीशिवाय उडवता येत नाही. मुंबई-पुण्यात विमानतळच वस्तीच्या मधोमध. त्यात फेब्रुवारी २०२२ पासून परदेशी तयार ड्रोनच्या आयातीवर बंदी आहे. सुट्या भागांना सूट आहे, पण आपटलेला ड्रोन दुरुस्त करायला वेळ आणि पैसा दोन्ही जातात. बेडरूममधल्या सिम्युलेटरला ना परवानगी लागते, ना मैदान.

सिम्युलेटर काय शिकवत नाही?

भीती. मोठ्या मॉडेल हेलिकॉप्टरचा रोटर दीड मीटरच्या आसपास असतो आणि मिनिटाला दोन हजारच्या आसपास फेरे मारतो. २०१३ मध्ये न्यू यॉर्कमध्ये १९ वर्षांचा एक तरुण, तोही अनुभवी, स्वतःच्याच हेलिकॉप्टरच्या पात्याने गेला. स्क्रीनवर रक्त येत नाही, म्हणून बेफिकिरी अंगात मुरते. अंतर राखणं, बॅटरी तपासणं, वाऱ्याचा अंदाज घेणं, आजूबाजूच्या माणसांकडे लक्ष ठेवणं हे मैदानावर, जाणत्या माणसाच्या शेजारी उभं राहूनच शिकायचं.

मग करायचं काय?

कोणी म्हणेल, फवारणीचा ड्रोन तर ठरवलेल्या मार्गावर आपोआप उडतो, हाताच्या कौशल्याची गरजच काय? बरोबर आहे, दहापैकी नऊ वेळा नसेलही. पण जीपीएस गडबडला, होकायंत्र बिघडलं, तर पुढचे दहा सेकंद सगळं तुमच्या बोटांवर असतं. खाली कुणाचं तरी शेत, कुणाची तरी माणसं असतात. पायलटला पैसे त्या दहा सेकंदांसाठी मिळतात असं मला वाटतं, आणि काही दिवसांच्या कोर्समध्ये बोटं तेवढी तयार होत नाहीत.

म्हणून एक साधी परीक्षा. सिम्युलेटरमध्ये सगळी मदत बंद करा आणि यानाचं तोंड स्वतःकडे करून एक मिनिट एका जागी स्थिर ठेवा. हे जमेपर्यंत काही आठवडे जातील. त्यानंतरही मजा येत असेल तर कोर्सची फी खुशाल भरा. फक्त भरण्याआधी संस्था डीजीसीएच्या यादीत आहे का ते बघा, आणि विचारा: सिम्युलेटरवर किती तास, मैदानावर किती तास? उत्तर नीट मिळालं नाही, तर ती फी खिशातच राहू द्या.