बेंदराचा बैल आणि बाळाचे हात

शिरोळ तालुक्यांत ज्येष्ठी पौर्णिमेला कर्नाटकी बेंदूर येतो. कोल्हापूरकडच्या इतर अनेक गांवीं आषाढांत महाराष्ट्रीय बेंदूर होतो. आणि विदर्भांत श्रावणी अमावास्येला पोळा भरतो. नांवें निराळीं, मान मात्र एकाच प्राण्याचा. ज्यांच्या दारीं गोठा नाहीं अशीं जयसिंगपूरचीं कुटुंबेंहि कुंभाराकडून मातीची बैलजोडी आणतात, पाटावर मांडून तिची पूजा करितात आणि पुरणपोळीचा नैवेद्य दाखवितात. ही रीत चांगलीच आहे. परंतु ज्या घरांत तीन ते सहा वर्षांचें मूल आहे, त्या घरानें त्या जोडीशेजारीं एक बैल मुलाच्या हातचाहि मांडावा, एवढेंच आम्हांस या महिन्यांत सुचवावयाचें आहे.

जयसिंगपूर हें राजर्षि शाहू महाराजांनीं आपले जनक पिता जयसिंगराव घाटगे यांच्या नांवानें वसविलेलें बाजाराचें गांव. भोंवतालचा सारा मुलूख कृष्णा-पंचगंगेच्या काळ्या मातीवर पोसलेला. असें असूनहि गांवांतलीं अंगणें आतां फरशीखालीं गेलीं, कित्येक बिऱ्हाडें वरच्या मजल्यांवर चढलीं, आणि मुलाला मातीची ओळख होते ती बहुधा “शी! हात लावूं नकोस” या शब्दांनीं. ज्या मातीवर आपलें पोट चालतें तिच्याशीं मुलाचा पहिला संबंध किळसेचा यावा, ही गोष्ट खचित विचार करण्यासारखी आहे.

हातांनीं कांहीं घडविणें हें लहान मुलाचें खरें शिक्षण होय, ही कल्पना नवी नाहीं. जर्मनींत फ्रेबेल यांनीं १८३७ सालीं बालशिक्षणाची संस्था काढली, तेव्हांपासून माती, कागदाच्या घड्या व विणकाम यांना बालशिक्षणांत स्थान मिळालें. आपल्याकडे ताराबाई मोडक यांनीं १९४५ सालीं बोर्डी येथें ग्रामीण बालशिक्षणाचें कार्य आरंभिलें. पुढें त्यांनीं व अनुताई वाघ यांनीं खडे, शिंपले, पानें, बिया अशा भोंवतालच्या वस्तूंतूनच शिक्षणाचीं साधनें उभीं केलीं. महागडीं खेळणीं नसलीं म्हणून मुलाचें शिक्षण अडत नाहीं, हें त्या दोघींनीं प्रत्यक्ष करून दाखविलें.

आतां कृतीकडे वळूं. शेतांतली माती खतें-औषधें मारलेली असूं शकते; म्हणून कुंभाराकडूनच मळलेल्या मातीचा गोळा विकत आणावा. घरची स्वच्छ काळी माती वापरावयाची झाल्यास ती चाळून, रात्रभर भिजवून, थोडी बारीक वाळू घालून मळावी. काळी माती पाण्यानें फुगते व वाळतांना आक्रसते, त्यामुळें नुसत्या काळ्या मातीचा बैल हमखास तडकतो. वाळूनें तो दोष कमी होतो. मळण्याचें काम आजोबा-आजींकडे द्यावें. त्यांना घाई नसते, आणि मुलाला त्यांचा सहवास लाभतो. उरलेला गोळा ओल्या फडक्यांत गुंडाळून ठेवावा.

तीन वर्षांच्या मुलाकडून गोळे वळण्यापलीकडे अपेक्षा करूं नये. चौथ्या वर्षीं वळकट्या होऊं लागतात, म्हणजे पाय आले. पांच-सहा वर्षांचें मूल शिंगें, कान आणि वशिंड करूं शकतें. जोड देतांना दोन्ही बाजू काडीनें खरवडून पातळ चिखल लावावा, नाहींतर वाळल्यावर शिंग गळून पडतें. बैल मुलाच्या मुठीएवढाच असावा. फार जाड झाल्यास बाहेरून वाळतो, आंतून ओला राहतो आणि फुटतो. चार-पांच दिवस सावलींत वाळवून मग गेरूनें रंगवावा. घरीं जोंधळ्याचा कडबा मिळाला, तर धाटाच्या भेंडाची छोटी गाडीहि होते. मात्र धाटाचें साल धारदार असतें, तें मोठ्यांनींच सोलावें. बारीक मणी व बिया तान्ह्या भावंडांच्या हातीं लागूं देऊं नयेत.

परंतु या कामांत खरी अडचण मातीची नसून मोठ्या माणसांची आहे. एकत्र कुटुंबांत मुलाभोंवतीं मायेचे हात पुष्कळ असतात, आणि तेच घात करितात. पाय वांकला कीं आत्या म्हणते, “आण इकडे, मी नीट करून देतें.” काका शिंगें बसवून देतात. आई डोळे कोरते. बैल सुबक होतो, पण तो मुलाचा राहत नाहीं, आणि हें मुलाला सर्वांच्या आधीं कळतें. असें दोन-चार वेळां झालें म्हणजे तें म्हणूं लागतें, “मला येत नाहीं, तूंच कर.” हें वाक्य पुढें पाटीवर, गणितावर आणि चारचौघांत बोलतांनाहि त्याच्या तोंडीं येतें. आपण त्याला आळशी म्हणतों. वस्तुतः तें आपणच पढविलेलें असतें.

यावर उपाय साधा आहे. मोठ्यांनीं जवळ बसावें, स्वतःचा वेगळा गोळा हातीं घ्यावा, पण मुलाच्या बैलाला हात लावूं नये. पाय वांकला तर “कां बरें वांकला असेल?” एवढेंच विचारावें. एखादें मूल पाय जाड करील. एखादें बैल खालीं बसवील आणि तो रवंथ करतो आहे असें सांगेल. दोन्ही उत्तरें त्याचीं स्वतःचीं होत. चुलतभावंडांच्या बैलांची तुलना तर मुळींच करूं नये, आणि “हें मुलींचें काम नव्हे” किंवा “हें मुलग्यांचें काम नव्हे” असेंहि कोणीं म्हणूं नये.

सणाच्या दिवशीं तो ओबडधोबड बैल कोनाड्यांत लपवूं नये. कुंभाराच्या जोडीशेजारीं त्याच पाटावर तो ठेवावा, त्यालाहि तेंच हळदकुंकू लावावें व तोच नैवेद्य दाखवावा. पाहुणे हंसले तरी यजमानांनीं हंसूं नये. सण झाल्यावर तो भाजलेला नसल्यामुळें पाण्यांत सहज विरघळतो. तीच माती मुलाच्या हातून तुळशीच्या कुंडींत घालावी. वाळण्यास दिवस लागतात, म्हणून बेंदराच्या निदान आठ दिवस आधीं मातीचा गोळा घरीं आणून ठेवावा.